जाळी वारा किती अडवते? आधी मोजू या, मग सांगू या



सुरुवातीलाच एक साधा प्रश्न विचारते. शेताच्या कडेला वारा अडवायचा आहे. एका बाजूला पत्र्याचं भक्कम कुंपण उभं केलं, कुठेही फट नाही. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीची जाळी बांधली, जिचा निम्मा भाग भोकांचाच आहे. सांगा बरं, वाऱ्यापासून आडोसा जास्त लांबपर्यंत कुणाचा मिळेल?

वर्गात विचारून बघा, स्टाफरूममध्ये विचारून बघा. बहुतेक हात पत्र्याच्या बाजूने वर जातात. "जाळीतून तर वारा आरपार जातो, ती काय अडवणार?" असं लगेच कुणीतरी म्हणतं. उत्तर मात्र जाळी असं आहे.

आता तुम्हाला वाटेल, छान, एक गमतीशीर माहिती मिळाली, उद्या परिपाठात सांगून टाकू. माझी विनंती आहे, सांगून टाकू नका. हे उत्तर मुलांना मोजून काढू द्या. आणि मोजायचंच तर "कशाच्या तुलनेत?" हा प्रश्न सोबत घेऊन मोजू द्या. आजच्या लेखात मला एवढंच मांडायचं आहे. कारण विज्ञानाच्या तासाला आपण निष्कर्ष पाठ करून घेतो, तुलना करायला मात्र फार क्वचित शिकवतो.

भिंत कमी पडते ती का?

आधी यामागचं विज्ञान थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे मोजताना काय शोधायचं ते कळेल.

वारा बंद भिंतीवर आदळला की त्याला पुढे जायला वाट नसते. भिंतीच्या पुढच्या बाजूला हवेचा दाब वाढतो आणि मागच्या बाजूला कमी होतो. अडलेली हवा भिंतीच्या डोक्यावरून उसळून जाते. मागे दाब कमी असल्यामुळे ही वेगवान हवा लवकरच खाली ओढली जाते आणि जमिनीजवळ भोवरे तयार होतात. भिंतीला अगदी खेटून उभं राहिलात तर वारा लागत नाही, हे खरं. पण थोडं मागे सरकलात की धूळ आणि पालापाचोळा गोल गोल फिरताना दिसतो. कधी कधी तर वारा उलटा, भिंतीच्या दिशेने येताना जाणवतो.

जाळीचं तसं नसतं. थोडी हवा भोकांतून पलीकडे जाते, पण जाताना तिचा वेग कमी होतो. ही संथ झालेली हवा जाळीच्या मागे गादीसारखी पसरते. पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक त्यामुळे कमी राहतो. वरून गेलेली वेगवान हवा लगेच खाली कोसळत नाही, सावकाश उतरते. साहजिकच आडोसा लांबपर्यंत टिकतो. साधारण ४० ते ५० टक्के भाग उघडा असलेले वारारोधक शेतासाठी चांगले समजले जातात ते याच कारणामुळे. सगळी भोकं बुजवली तर ती भिंत होते, आणि फारच मोठी भोकं ठेवली तर वारा जुमानतच नाही.

अंतर मोजण्याची पद्धतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. आडोसा किती मीटर मिळतो असं न विचारता, तो उंचीच्या किती पट मिळतो असं विचारतात. चांगल्या वारारोधकाच्या मागे उंचीच्या साधारण १० पट अंतरापर्यंत उपयोगी पडेल असा आडोसा मिळतो. वेगातली थोडीफार घट तर २० पट किंवा त्याहूनही लांब मोजता येते. वारा सगळ्यात कमी असतो ती जागा जाळीला चिकटून नसते. ती उंचीच्या साधारण ४ ते ६ पट मागे असते. मुलांना हे फार आश्चर्याचं वाटतं. म्हणूनच ते आधी सांगू नये.

आणि हो, भिंत वाईट असं काही म्हणायचं नाही. अंगणातल्या चुलीला आडोसा करायचा असेल तर दोन हात जागाच पुरते, तिथे पत्रा किंवा फळी उत्तम. प्रश्न आहे तो कुठे आणि किती लांबपर्यंत आडोसा हवा याचा.

मोठ्यांनीही माळरानावर जाऊनच मोजलं

ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ बंगेंडोर नावाचं गाव आहे. तिथल्या मोकळ्या रानात ब्रॅडली आणि मल्हर्न या दोन संशोधकांनी १.२ मीटर उंचीचं, ५० टक्के उघडं असं कुंपण घालून वाऱ्याचा अभ्यास केला. तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुंपणाची उंची बघा, आपल्या पाचवीतल्या मुलाच्या खांद्याएवढी! पण मोजणी किती काटेकोर! कुंपणाच्या पुढे, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, अडथळा येण्याआधीचा वारा मोजला. कुंपणाच्या मागे वेगवेगळ्या अंतरांवर आणि वेगवेगळ्या उंचींवर मोजला. आणि मागच्या आकड्यांची तुलना पुढच्या आकड्यांशी केली. वारारोधकाची गणितं संगणकावर मांडणारे अभ्यासक आपलं गणित बरोबर आलं का हे तपासायला पुढे अनेक वर्षं याच मोजमापांकडे वळत राहिले.

त्याआधीची एक गोष्ट तर मला आपल्या शाळांसाठी जास्त महत्त्वाची वाटते. मार्टिन येन्सेन नावाचे डेन्मार्कचे अभियंते होते. डेन्मार्क सपाट देश, शेतांवर वारा सतत वाहतो. येन्सेन यांनी शेतात प्रत्यक्ष वारारोधकांमागचा वारा मोजला आणि प्रयोगशाळेत, वाऱ्याच्या बोगद्यात छोट्या प्रतिकृती ठेवूनही मोजला. १९५४ मध्ये त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. त्यांच्या लक्षात काय आलं असेल? बोगद्याचा तळ गुळगुळीत असेल तर प्रतिकृतीचे आकडे शेतातल्या आकड्यांशी जुळत नाहीत. कुंपण जितक्या पटीने लहान केलं, तितक्याच पटीने जमिनीचा खडबडीतपणाही लहान करून बोगद्याच्या तळावर आणावा लागतो. तसं केलं की मग आकडे जुळतात. अडथळ्याची उंची आणि जमिनीचा खडबडीतपणा यांच्या गुणोत्तराला आज त्यांच्या नावावरून येन्सेन संख्या म्हणतात.

म्हणजे काय, तर प्रतिकृती खरी आहे की नाही हे ठरवायला शेतातली मोजणी हवीच होती. शेतात मोजलंच नसतं, तर प्रतिकृती चुकते आहे हे कळलं तरी कसं असतं?

टेबलावरचा पंखा

आता आपल्या विज्ञान प्रदर्शनाकडे वळू. चित्र तुमच्या परिचयाचं आहे. थर्मोकोलचं शेत, प्लास्टिकची झाडं, एका टोकाला छोटा पंखा. बटण दाबलं की झाडांच्या पुढचा झेंडा फडफडतो, मागचा फडफडत नाही. परीक्षक येतात, मुलगी पाठ केलेलं घडाघडा म्हणते, "झाडे वाऱ्याचा वेग कमी करतात व जमिनीची धूप थांबवतात." टाळ्या. बक्षीस.

या मुलीने मेहनत घेतली आहे, तिचं कौतुक करायलाच हवं. पण एक विचारू का? वाऱ्याचा वेग किती कमी झाला? झाडांच्या किती मागे कमी झाला? झाडं काढून टाकली असती तर मागचा झेंडा किती फडफडला असता? पंख्याचा झोत तसाही पुढे जाता जाता मंदावतोच, मग मागचा झेंडा शांत आहे तो झाडांमुळे, की तो पंख्यापासून लांब आहे म्हणून?

शेवटचा प्रश्न विचारला की सगळी प्रतिकृतीच डळमळीत होते. पंख्याची हवा अरुंद झोताने, गरगरत येते. मैदानावरचा वारा तसा येत नाही. आणि टेबल गुळगुळीत असतं, येन्सेन यांच्या बोगद्याच्या तळासारखं. प्रतिकृती दाखवायला छान असते. तिच्यावरून मोजलं असं मात्र म्हणता येत नाही.

पालकहो, तुम्हालाही एक सांगायचं आहे. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, आदल्या रात्री आपण ते आणतो, कारण मुलावर ताण नको आणि गुण तर हवेत. यात तुमचा दोष कमी आणि आमचा जास्त. गुण आम्ही देखाव्याला दिले, तर तुम्ही देखावाच विकत आणणार.

याहून गंभीर गोष्ट प्रयोगवहीत घडते. उत्तर काय यायला हवं ते पुस्तकात असतं. मुलं आधी निष्कर्ष लिहितात आणि मग तो यावा म्हणून निरीक्षणाचे आकडे भरतात. सगळ्या वर्गाचे आकडे सारखे! आम्ही त्यावर बरोबरची खूण करतो. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपण काय शिकवलं? आकडे बनवले तरी चालतात, सुबक असले म्हणजे झालं. पुढे हेच मूल इंजिनियर होईल, औषधांची तपासणी करेल, पुलाच्या काँक्रीटचे नमुने तपासेल. तेव्हा त्याने खरे आकडे लिहावेत अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

मैदानावर कसं मोजाल?

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. सहावी ते नववीच्या मुलांना जमेल अशी पद्धत देते.

साहित्य: १० मीटर लांब आणि १ मीटर रुंद शेडनेट, रोपवाटिकेवर लावतात तीच हिरवी जाळी. सहा मजबूत खांब, दोर, मोजपट्टी, घड्याळ, शिट्टी, रंगीत रिबिनी आणि वाऱ्याचा वेग मोजणारी दोन यंत्रं.

यंत्रं मुलांनी स्वतः करावीत. आयर्लंडच्या रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये चार वाट्यांचं फिरतं वायुवेगमापक केलं, त्याचीच ही धाकटी भावंडं. चार सारखे कागदी कप, दोन हलक्या पट्ट्यांच्या टोकांना बसवायचे, पट्ट्या मधोमध अधिक चिन्हासारख्या जोडून टाचणी आणि मण्यावर काठीच्या टोकाला फिरत्या ठेवायच्या. मध्यापासून कपापर्यंत साधारण १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. एका कपाला लाल रंग द्या. लाल कप समोरून गेला की एक फेरा. फेरे भराभर होत असतील तर मोबाइलवर चित्रीकरण करून नंतर सावकाश मोजता येतात.

जाळीची उंची १ मीटरच का? कारण मग हिशेब सोपा होतो. जाळीपासून ४ मीटर म्हणजे उंचीच्या ४ पट, १० मीटर म्हणजे १० पट. लहान मुलांनाही "पट" ही कल्पना पायाने चालून कळते.

आता क्रम बघा.

१. जागा मोकळी निवडा. वारा येतो त्या बाजूला इमारत किंवा मोठं झाड नको. ७ मीटर उंचीच्या शाळेचा आडोसा ७० मीटरपर्यंत आणि त्यापुढेही जाणवू शकतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. जुलै-ऑगस्टमधला एखादा उघडिपीचा दिवस यासाठी चांगला.

२. दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून पाच मिनिटं फिरू द्या. फेरे सारखे येतात का बघा. घरी केलेली यंत्रं तंतोतंत सारखी नसतातच. म्हणून अर्ध्या मोजण्या झाल्यावर दोघांची अदलाबदल करायची.

३. पहिलं यंत्र जाळीच्या जागेपासून १० मीटर पुढे, वारा येतो त्या बाजूला. याला मुलं "मोकळं यंत्र" म्हणतील. दुसरं जाळीच्या मागे. दोन्हींची उंची सारखी, जमिनीपासून अर्धा मीटर. वर जावं तसा वारा वाढतो, म्हणून उंची बदलली की तुलना बिघडली.

४. जाळी लावायच्या आधी एकदा मोजा. ही पायरी गाळू नका. ती का हवी ते पुढे सांगते.

५. जाळी बांधा. मागे १, २, ४, ६, ८ आणि १० मीटरवर मोजा. शिट्टी वाजली की दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी सुरू, एक मिनिटाने पुन्हा शिट्टी. प्रत्येक जागी निदान दहा वेळा. १० मीटरच्या फार पलीकडे जाऊ नका, कारण जाळीच्या टोकांना वळसा घालून वारा आत शिरतो.

६. रिबिनीकडे लक्ष ठेवायला एक मूल नेमा. वारा जाळीवर तिरका येऊ लागला तर त्या मोजणीपुढे तसं लिहा. आकडा खोडायचा नाही.

७. शेवटी जाळी काढा आणि पुन्हा एकदा मोजा.

सुरक्षेचं तेवढं पाळा. जाळी वाऱ्यात शिडासारखी काम करते. ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात १० चौरस मीटर बंद कापडावर साधारण ६० किलो वजनाइतका रेटा येतो. जाळीवर तो कमी असला तरी खांब पक्के हवेत, आणि वादळी वाऱ्यात हा प्रयोग करायचाच नाही.

जाळी किती उघडी आहे हेही मुलांनीच काढावं. दुकानात ५० टक्के शेडनेट म्हणतात ते सावलीचं प्रमाण असतं. जाळीचा तुकडा आलेख कागदावर ठेवा, मोबाइलने फोटो काढून मोठा करा, किती भाग उघडा दिसतो ते मोजा. क्षेत्रफळ आणि शेकडेवारी, दोन्हींचा सराव झाला.

आकडे बोलतात ते असे

समजा जाळीच्या मागे ४ मीटरवर मोजताना पहिल्या मिनिटाला मोकळ्या यंत्राचे ८० फेरे झाले आणि मागच्याचे ४४. पुढच्या मिनिटाला वारा पडला. मोकळ्याचे ५० झाले, मागच्याचे २८. नुसते मागचे आकडे बघितले तर ४४ आणि २८, काहीच मेळ नाही. पण भागाकार करा. ४४ भागिले ८० म्हणजे ०.५५. २८ भागिले ५० म्हणजे ०.५६. वारा बदलला, गुणोत्तर जवळजवळ तेच राहिलं! गुणोत्तर कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या सातवीच्या मुलाला यापेक्षा चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

आता दुसरा गट बघा. त्यांच्याकडे एकच यंत्र होतं. त्यांनी सकाळी मोकळ्यावर मोजलं, ८० फेरे. दुपारी जाळीमागे मोजलं, ३० फेरे. निष्कर्ष काढला, वारा ६२ टक्क्यांहून जास्त कमी झाला. वही सुबक, आकडेमोड बरोबर, निष्कर्षाला मात्र आधारच नाही. सकाळच्या मानाने दुपारी वाराच पडला असेल तर? जाळीचं श्रेय किती आणि दुपारचं किती, हे कोण सांगणार?

आणि चौथी पायरी का गाळायची नाही, तेही बघा. समजा जाळी नसतानाच त्या दोन जागांचं गुणोत्तर ०.९० आलं. म्हणजे मागची जागा आधीच थोडी आडोशाला होती, कदाचित मैदान तिथे जरा खोलगट असेल. मग जाळीमुळे झालेला फरक काढायला ०.५५ ला ०.९० ने भागायचं. उत्तर येतं ०.६१. म्हणजे जाळीने वाऱ्याचा वेग ३९ टक्क्यांनी कमी केला. ४५ टक्के म्हणालो असतो तर जाळीला न केलेल्या कामाचं श्रेय दिलं असतं.

आठवी-नववीची मुलं असतील तर अजून एक पाऊल पुढे जा. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.६१ चा वर्ग ०.३७. म्हणजे वेग ३९ टक्के कमी झाला, तरी रोपट्यावरचा रेटा ६३ टक्के कमी झाला. वर्ग करणं म्हणजे काय, हे फळ्यावर कधी इतकं जिवंत वाटतं का?

"पण मॅडम, वेळ कुठे आहे?"

शिक्षक मित्रांचे आक्षेप मला पाठ आहेत, कारण ते आपल्या सगळ्यांचेच आहेत.

वेळ नाही, हे खरंच आहे. अभ्यासक्रम, माहित्या, प्रशिक्षणं, सर्वेक्षणं. पण हा एक प्रयोग विज्ञानाचे, गणिताचे आणि भूगोलाचे तास मिळून करता येतो. गुणोत्तर, शेकडेवारी, सरासरी, आलेख, वर्गसंख्या, वायुदाब, जमिनीची धूप एवढे घटक त्यात येतात. मराठीच्या तासाला त्याचा अहवाल लिहा. तीन विषयांचे चार तास एकत्र करून दोन सकाळी मैदानावर घालवल्या तर काही बुडत नाही. अनुभवातून शिक्षण हवं असं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही म्हटलंच आहे.

मैदान नाही, ही शहरातल्या शाळांची अडचण. जवळच्या मोकळ्या मैदानावर एक सकाळ मिळाली तरी पुरे. तेही नसेल तर रस्त्याच्या दोन टोकांची किंवा वर्गातल्या खिडकीजवळची आणि फळ्याजवळची तुलना करा. विषय थोडा बदलेल, पण "कशाच्या तुलनेत?" हा प्रश्न तोच राहील.

तिसरा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर पुस्तकासारखं आलं नाही तर?

तर फारच छान! ८ मीटरवर वारा मध्येच वाढलेला दिसला, तर मुलांना कारण शोधू द्या. जाळी खालून उचलली गेली होती का? त्या वेळी वारा तिरका होता का? रिबिनीवाल्या मुलाची नोंद काय सांगते? यंत्राच्या मण्यात माती अडकली होती का? हलक्या वाऱ्यात घरचं यंत्र अडखळतं, फिरतच नाही, मग जाळीमागे "शून्य वारा" दिसतो. हा शून्य वाऱ्याचा की यंत्राचा? असा प्रश्न एका जरी मुलीने विचारला तरी त्या दिवशीचा तास सार्थकी लागला, असं मी समजेन.

शेतातल्या पालकांसाठी

हा विषय फक्त शाळेपुरता नाही. जळगावकडे केळीच्या बागेला वाऱ्याचा त्रास काय असतो ते तिथल्या पालकांना सांगायला नको. पानं फाटतात, घड लागलेली झाडं मोडतात. म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावतात, गवताची दाट रांग घेतात, नाहीतर हिरवी जाळी बांधतात. कोकणात किनाऱ्याला सुरूची झाडं लावलेली दिसतात. ही सगळी भोकं असलेली कुंपणंच आहेत. वाडवडिलांनी हे आकडे न मोजता, पिढ्यान्‌पिढ्या बघून ओळखलं होतं.

पण जाळीला पैसे पडतात, आणि पैसे घालायचे तर हिशेब हवा. ३ मीटर उंच जाळी बांधली तर चांगला आडोसा साधारण ३० मीटरपर्यंत मिळेल. एक एकराचं चौकोनी शेत घेतलं तर त्याची एक बाजू साधारण ६४ मीटर. म्हणजे एका कडेची जाळी निम्म्या शेतालाच नीट पुरते. पलीकडच्या निम्म्यासाठी मधे शेवरीची एक रांग घ्यायची का, हा विचार पैसे घालण्याआधी करता येतो. तसंच मधे फाटकासाठी उघडी फट ठेवली तर वारा तिथून उलट जोराने घुसतो, तेव्हा फाटक वाऱ्याच्या बाजूला नको. हे सातवीतली मुलगी वहीत मांडून बापाला सांगू शकते. सांगताना ती "पुस्तकात लिहिलंय" असं म्हणणार नाही. "आम्ही मोजलंय, बाबा" असं म्हणेल. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे, तो तुम्हीच बघा.

गुण कशाला द्यायचे?

शेवटी एक ठोस सूचना करते. पुढच्या वेळी विज्ञान प्रदर्शनाचे किंवा प्रकल्पाचे गुण देताना दहापैकी असे द्या. तुलना नीट केली का, म्हणजे मोकळ्या जागेची आणि अडथळ्याशिवायची मोजणी आहे का, याला ४. सगळे आकडे, न जुळणारेसुद्धा, लिहिले का, याला ३. आपल्या मोजणीत काय कच्चं राहिलं हे स्वतः सांगितलं का, याला २. आणि मांडणीच्या सुबकपणाला १.

उत्तर पुस्तकाशी जुळलं का, याला शून्य गुण.

एवढा एक बदल केला तर थर्मोकोलची शेतं आपोआप कमी होतील, कारण दुकानात आकडे विकत मिळत नाहीत. त्यासाठी मैदानावरच जावं लागतं, शिट्टी वाजवावी लागते, फेरे मोजावे लागतात. मुलं हे आनंदाने करतात. अडतं ते आपलंच, कारण उत्तर आधीच माहीत असलेल्या प्रयोगात आपल्याला सुरक्षित वाटतं.

तुमच्या शाळेत हा प्रयोग कुणी केलात, तर मोकळ्या जागेचे आणि जाळी नसतानाचे आकडे आधी कळवा. जाळीमागचे त्यानंतर. आपल्या मैदानावरचे आकडे आपण एकमेकांना दाखवू, जुळतात का बघू. नाही जुळले तर का नाही, यावर मुलांनाच बोलू देऊ.